हातचे

टंकयंत्राचं एक अक्षर मोडलं होतं, गोल ‘ओ’.
तो मी शाईने, हाताने भरायचे.
त्यामुळे शिफारशीच्या त्या कागदावर
कोलोबोवच्या नावात तीन ठिकाणी माझं अक्षर आहे.
बाकी सगळं सैन्याचं:
‘शत्रूच्या तोफांखाली शिधापुरवठा अखंड राखला.
हिशेबात एका ग्रॅमची तफावत नाही.’

हे वाक्य टंकत होते तेव्हा
तो दाराशी काठीने
बुटांवरचा वोल्खोवचा चिखल खरवडत होता.
माझ्याकडे बघत नव्हता.

लढाईआधी तो कार्गोपोलला, सहकारी दुकानात.
खिळे, रॉकेल, मीठ, पिंपातले हेरिंग.
बंदूक त्याला कधी नीट धरता आली नाही,
कुणी विसरून गेलेली छत्री सांभाळावी
तशी खांद्याला अडकवून हिंडायचा.
पण मण्यांच्या पाटीवर त्याची बोटं
अंधारातसुद्धा चुकत नसत.

त्या एप्रिलात रस्ता असा राहिलाच नाही.
ओंडके टाकून केलेली वाट
दलदल रोज थोडी थोडी गिळायची.
घोडे पोटापर्यंत. मग मानेपर्यंत.
पोती माणसांच्या पाठीवरून येऊ लागली
आणि आठशे ग्रॅमचा पाव
तीनशेवर आला, तोही ओला.

पुढच्या खंदकातून संध्याकाळी आकडा यायचा:
इतके आहेत, इतके गेले.
गेलेल्यांचा शिधा उद्यापासून कापायचा.

“ग्लाफिरा, आजचे आठ उद्या लिही.”
“आणि आजच्या रकान्यात?”
“हातचे धर.”
दुसरीतल्या पोराला सांगावं
इतक्या साधेपणाने म्हणाला.

आठाचे चौदा झाले, चौदाचे एकतीस,
एका दिवसाचे तीन दिवस.
एकतीस मेलेली माणसं आमच्या कागदावर
पाव खात होती, मखोर्का ओढत होती,
अंघोळीचा साबणही घेत होती.
त्यांचा वाटा रात्री पुढे जायचा,
ज्यांना चावायला अजून दात होते त्यांच्याकडे.
मापात पाप म्हणतात ते हेच.
याला गोळी होती.
भिंत शोधायचीही गरज नव्हती, बर्चची झाडं खूप होती.

एकदा यादीत सावेली दोल्गानोव आला.
हिवाळ्यात त्याने मला एक सुई दिली होती,
बदल्यात काही न मागता.
त्याला मी पाच दिवस जिवंत ठेवलं.
तीन खपून जायचे. पाच नाही.
कोलोबोवचं बोट त्या नावावर थांबलं.
मग त्याने एक मणी सरकवला, म्हणाला,
“याच्या नावात दोन ओ आहेत.
शाई जपून वापर.”

वेल्स्कजवळच्या कुठल्याशा गावात
सावेलीची आई ते पाच दिवस
मोजे विणत राहिली असेल.
ते दिवस मी तिला दिले
की तिच्याकडून काढून घेतले,
याचा हिशेब मला अजून लावता येत नाही.
त्या सुईला मात्र गंज चढला नाही.

जूनमध्ये लाल तारा आला.
रांगेसमोर टाळ्या, हातात हात, एक छायाचित्र,
त्यात कोलोबोवचे डोळे मिटलेले.
तिथून तो सरळ कोठीत आला,
छातीवरचा तारा काढून
साखरेच्या काट्यावर ठेवला.
“चौतीस,” म्हणाला.
माणशी, दिवसाची साखर पस्तीस.
एवढंच. हसला नाही.
तारा खिशात टाकला, पारडं बाहीने पुसलं
आणि दाराशी डबा घेऊन उभ्या असलेल्या
तिसऱ्या तुकडीच्या पोराला विचारलं,
“किती जण?”

पोराने खाली बघितलं.
“अकरा.”

नऊच उरलेत
हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.
कोलोबोवने अकरा जणांची साखर मोजली,
जरा सैल हाताने.